अल्टर करून मिळेल: चाटी गल्लीजवळचं एक दुकान

अंगात घालता येत नाही आणि टाकवतही नाही असं एखादं कापड प्रत्येक घरात असतं. तुमच्याकडे असेल आणि तुम्ही सोलापुरात राहत असाल, तर चाटी गल्लीच्या मागच्या बोळातलं हे दुकान तुमच्यासाठी आहे. नवीन शिवायचं असेल तर जाऊ नका, दुकानाचे मामा नवीन काही शिवत नाहीत. पिवळ्या पत्र्याच्या पाटीवर लाल अक्षरांत तेवढंच लिहिलंय: 'अल्टर करून मिळेल'. नाव नाही, मोबाइल नंबर नाही. मधल्या मारुतीकडून आत शिरा आणि कुठल्याही कापडवाल्याला 'अल्टरवाले मामा' म्हणून विचारा, तो बोट दाखवील. जुन्या मराठीत चाटी म्हणजे कापड विकणारा. गल्लीचं नाव आणि धंदा अजून एकच आहे, त्यामुळे अस्तर, दोरा, लेस, हुक असलं काही कमी पडलं तर चार पावलांवर मिळतं.

दुकान लहान आहे. एक पायमशीन, एक मोटारची मशीन, कोपऱ्यात ओव्हरलॉक. मागच्या भिंतीला खुंट्यांवर कपडे टांगलेले आणि प्रत्येकाला कापडाची चिंधी बांधलेली. चिंधीवर बॉलपेनानं गिऱ्हाइकाचं नाव आणि वार. पावती मिळत नाही. मला सुरुवातीला याची काळजी वाटायची, पण माझं किंवा माझ्या ओळखीतल्या कुणाचं कापड तिथं हरवल्याचं ऐकलेलं नाही. बसायला एक स्टूल आहे, ट्रायल रूम नाही. ब्लाउज घालून बघायचा असेल तर घरी नेऊन बघायचा आणि परत आणायचा. बायकांना ही अडचण आहे आणि ती मी मामांना सांगितलीही आहे. निदान एक पडदा तरी लावायला हवा.

मामा शहराच्या पूर्व भागातले, घरचं बोलणं तेलुगू. वडिलांचा माग होता, चादरीचा. मामा स्वतः कितीतरी वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात बाह्या जोडत होते. सोलापूरचे गणवेश बाहेरच्या राज्यांतही जातात, तिथं एकेक माणूस दिवसभर एकच काम करतो: कुणी खिसे, कुणी कॉलर, कुणी काज. मामांच्या हाताला आज जी सफाई आहे ती तिथली. आणि शिवलेलं उलगडून बघायची नजर आहे, ती त्यांची स्वतःची.

मी नेलं होतं आजीचं इरकल लुगडं. नऊवारी, हिरव्या अंगाचं, लाल पदराचं, गोमी नक्षीच्या काठाचं. आजीचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं, तिची सगळी लुगडी इरकलीच होती, पण ट्रंकेत हे एकच उरलं. भाचीला त्याचा कुर्ता हवा होता. आईचं म्हणणं, पदराला कात्री लावायची नाही. मला दोघींचंही पटत होतं.

याआधी शहरातल्याच एका मोठ्या दुकानात मावशीची साडी ड्रेससाठी दिली होती. आम्ही काठ खाली हवा असं सांगून आलो. घ्यायला गेलो तेव्हा काठाचे तुकडे करून गळ्याला आणि बाह्यांना लावलेले, आणि पदर मधोमध कापून पाठीत घातलेला. ड्रेस दिसायला बरा होता. मावशीनं तो कधी घातला नाही. तेव्हापासून आमच्या घरात जुनी साडी शिंप्याकडे द्यायचं नाव काढलं की आई गप्प होते. म्हणून मामा लुगड्याचं काय करतात याकडे माझं बारीक लक्ष होतं.

त्यांनी आधी मापाची टेप घेतलीच नाही. लुगडं पूर्ण उलगडलं आणि ट्यूबलाइटसमोर हातभर हातभर सरकवत बघितलं. मग ज्या भागाबद्दल शंका आली तिथं दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड एकदा उभं ताणलं, एकदा आडवं. कासोट्याच्या जागी बारीक चर्र आवाज आला. "अक्का, इथलं कापड गेलंय बघा. दिसायला चांगलं हाय, पण बसलं की फाटतंय. हे घ्यायचं नाही आपण." मग काठ दाखवले. लुगड्याला दोन काठ असतात, हे मला माहीत होतं, पण ते सारखे झिजत नाहीत हे कधी ध्यानात आलं नव्हतं. खालचा काठ आयुष्यभर पायाशी घासलेला, त्याची गोमी जागोजागी तुटली होती. वरचा काठ कमरेत खोचलेला असायचा, तो जवळजवळ कोरा होता. कुर्त्याच्या घेराला मामांनी तो वरचा काठ घ्यायचं ठरवलं. म्हणजे लुगड्यात जे कमरेला होतं ते कुर्त्यात खाली आलं.

यात एक गोष्ट त्यांनी समजावून सांगितली, ती साडीचा ड्रेस करू पाहणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. साडीत ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, लांबीच्या दिशेनं जातो आणि काठ त्याच्याच बाजूनं धावतो. काठ कुर्त्याच्या घेराला आणायचा म्हणजे कापड आडवं वापरायचं. मग ताण्याचे दोरे अंगाभोवती फिरतात आणि बाण्याचे, म्हणजे मूळचे आडवे, दोरे वरून खाली येतात. कापडाची पडण्याची ढब बदलते, घेर थोडा ताठ उभा राहतो. शिवाय उंचीला पन्ह्याएवढंच, म्हणजे साडीच्या रुंदीएवढंच कापड मिळतं, त्याहून लांब कुर्ता हवा असेल तर कमरेत जोड द्यावा लागतो. "जोड चालंल का पोरीला विचारा, मग कापतो." भाचीला फोन लावला. तिला गुडघ्यापर्यंतच हवा होता, जोड लागला नाही.

पदराचं त्यांनी वेगळंच केलं. लाल टोकावर ओलं पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. फडक्यावर गुलाबी रंग उतरला. म्हणजे पांढऱ्या अस्तराच्या कपड्यात हा पदर घेतला तर पहिल्याच धुण्यात अस्तर रंगणार. "पदराची ओढणी करा, अक्का. कापायची गरजच नाही." इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्ही ताण्यांचे दोरे एकमेकांच्या फासात अडकवून जोडतात, त्याला टोप तेनी म्हणतात. मामांनी तो सांधा मला बोटानं चाचपून दाखवला. हिरव्यातून लाल सुरू होतं तिथं एक बारीक उंचवटा लागतो. तो सांधा राखून, पलीकडचं चांगलं हिरवं कापड सोबत ठेवून त्यांनी ओढणी काढली. कात्री फक्त हिरव्यात चालली, लाल पदराला लागलीच नाही. आईनं ओढणी हातात घेतल्यावर आधी तो सांधाच शोधला.

कुर्त्याचे साडेसहाशे रुपये घेतले, ओढणीच्या कडेची हातशिलाई दीडशे. अस्तराचं मलमल मी आणलं होतं. ते त्यांनी आधी रात्रभर भिजवून आणायला लावलं, कारण अस्तर नंतर आटलं तर वरचं कापड फुगतं आणि शिवण ओढली जाते. चार दिवस सांगितले होते, आठवडा लागला. हे तुम्हालाही होईल, वेळेच्या बाबतीत मामांचा शब्द थोडा सैल आहे.

मी शाळेत मराठी शिकवते. त्या स्टुलावर बसून वाट बघताना पाटीवरचा 'अल्टर' हा शब्द डोक्यात घोळत राहिला, आणि घरी येऊन त्याच्या मागे लागले. गंमत अशी की या दुकानात चार भाषा चालतात. मामा मुलाशी तेलुगूत बोलतात, शिवणं म्हणजे कुट्टु. अक्कलकोटकडून आलेल्या बायका कन्नडमध्ये होलि म्हणतात. दखनी बोलणारे सीना म्हणतात, आपण शिवणं म्हणतो. पण अल्टर सगळ्यांचं अल्टरच.

मूळ शब्द लॅटिन. अल्टर म्हणजे दोघांमधला दुसरा. नुसता कुठलाही दुसरा नाही, दोनच आहेत आणि त्यातला हा नव्हे तो. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं, दुसरं करणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि इंग्रजीतून आपल्या शिंप्यांच्या पाट्यांवर. एक दिवसाआड येणारं अल्टरनेट, गाडीतला आल्टरनेटर, आणि दोघांची बाचाबाची या अर्थाचा इंग्रजी शब्द अल्टरकेशन, ही सगळी त्याचीच भावंडं.

आता आपल्याकडचा शब्द घ्या, रूपांतर. मुलं विग्रह करताना 'रूपातलं अंतर' असं लिहितात आणि मला लाल पेन काढावं लागतं. इथं अंतर म्हणजे लांबी नव्हे. अन्य रूप ते रूपांतर, जशी अन्य भाषा ते भाषांतर, अन्य देश ते देशांतर. अंतर म्हणजे दुसरा, हा संस्कृतातला जुना अर्थ. आणि इंग्रजीतला 'अदर' हा या अंतराचाच सख्खा नातलग आहे, लिथुआनियन भाषेतही अंत्रास म्हणजे दुसरा. लॅटिन अल्टरचं पहिलं अंग वेगळ्या धातूचं आहे, पण शेवटचा टर आणि आपल्या अंतर, इतर, कतर यांतला तर हा एकच प्राचीन प्रत्यय. दोघांत तुलना करून एकाकडे बोट दाखवायचं हे त्याचं काम. लघुतर, उच्चतर यांतही तोच आहे. म्हणजे चाटी गल्लीतल्या पत्र्यावरचा परका दिसणारा शब्द आणि माझ्या फळ्यावरचा संस्कृत शब्द एकाच घराण्यातून निघून वेगवेगळ्या वाटांनी सोलापुरात पोचले. हे कळल्यावर मला फार आनंद झाला आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून मी हेच शिकवलं.

बदल हा शब्द वेगळ्या स्वभावाचा. तो अरबी, फारसीवाटे आलेला, आणि त्याच्या मुळाशी देवाणघेवाण आहे. एक देऊन दुसरं घ्यायचं. बदली, बदला, मोबदला, सगळीकडे एकाच्या जागी दुसरं येतं. नवीन ड्रेस विकत घेणं हा बदल. पालटणं आपलं जुनं, संस्कृत पर्यस्तपासून प्राकृत पल्लट्ट होत आलेलं, म्हणजे उलथणं, उलटं होणं. कॉलर उलटवणं हा अगदी शब्दशः पालट. त्याबद्दल पुढे सांगते.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला धागा फ्रेंचमधला आहे. तिथं या अल्टरच्या क्रियापदाला बिघडवणं, भेसळ करणं असाही अर्थ आहे. प्रकृती बिघडली तरी तेच क्रियापद. आणि आपल्याकडे विकार या शब्दाचं हेच झालं. संस्कृतात विकार म्हणजे नुसतं रूप पालटणं. दुधाचं दही हा दुधाचा विकार, हे शास्त्रकारांचं नेहमीचं उदाहरण. व्याकरणात अजून तोच अर्थ टिकलाय, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी शब्द, कारण वाक्यात जाताना त्यांचं रूप पालटतं. पण रोजच्या बोलण्यात हृदयविकार, मनोविकार, विकृत. लॅटिनची लेक आणि संस्कृतचा लेक, दोघांनी एकच निष्कर्ष काढला की रूप पालटायला गेलं की बिघडण्याचा धोका असतो. मावशीच्या साडीचं जे झालं तो विकार, रोजच्या अर्थानं. आजीच्या लुगड्याचा झाला तोही विकार, व्याकरणातल्या अर्थानं. मूळ शब्द ओळखू येतो आणि तरी वाक्यात नव्या जागी बसतो, तसा.

मामांचं काम या कसोटीवर मी बघते. ते कापायच्या आधी उसवतात. हे ऐकायला साधं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी ब्लाउज घट्ट करायचा म्हणजे जुन्या टिपेच्या आत एक नवी टीप मारून देतात, आणि सैल करायचा म्हणजे ती टीप काढून टाकतात. मामा बाहीची शिवण मुंढ्यापासून उसवतात, कुशीची शिवण पुरी उघडतात आणि कापड सपाट पसरून बघतात की आधीच्या शिंप्यानं माया किती ठेवलीय. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. घट्ट करताना मामा ही माया कापून टाकत नाहीत, आत तशीच दुमडून ठेवतात, म्हणजे बाळंतपणानंतर किंवा चार वर्षांनी तोच ब्लाउज पुन्हा सोडता येतो. माझ्या लग्नातल्या ब्लाउजला आतून पाहिलं तर तीन टिपांच्या जुन्या रेघा दिसतात, आणि कापड अजून सगळं जागेवर आहे.

रेडिमेडचा प्रश्न इथंच येतो. ऑनलाइन मागवलेली कुर्ती छातीत घट्ट झाली म्हणून माझी एक सहकारी त्यांच्याकडे घेऊन गेली होती. मामांनी कुर्ती उलटी करून शिवण दाखवली. ओव्हरलॉकच्या आत कापड जेमतेम नखाएवढं. "ह्यात सोडायला कायच नाही की, बाई. कुशीत पट्टी घालू का? दिसंल ती, आधीच सांगतो." तिनं नको म्हटलं आणि मामांनी पैसेही घेतले नाहीत. कापड वाचवायचं म्हणून कारखान्यात माया ठेवत नाहीत, हे मामा स्वतः तिथं काम केलेले असल्यानं जाणतात. कपडा घेतानाच उलटा करून शिवण बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली. लेगिंग, टीशर्ट असली ताणाची होजिअरी मात्र त्यांच्याकडे देऊ नका. त्यांच्या मशीनवर ती टीप ताणल्यावर तुटते. त्यांनी स्वतः नाही म्हटलं तर बरंच, पण गर्दीत कधी घेऊन ठेवतात आणि मग काम मनासारखं होत नाही.

कॉलरचं सांगायचं राहिलं. माझे वडील निवृत्त आहेत आणि त्यांचे पांढरे शर्ट मानेशी कॉलरच्या घडीवर विरतात. बाकी शर्ट धडधाकट. मामा कॉलर पट्टीपासून उसवून काढतात, उलटी करतात आणि परत पट्टीत बसवून वरून टीप मारतात. विरलेली बाजू आत गेली, मागची कोरी बाजू वर आली. अट एवढीच की कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकच कापड हवं. हल्लीच्या काही शर्टांत खालची बाजू वेगळ्या रंगाची असते, तिथं हे चालत नाही. मी शेजारी बसून बघितलंय. सगळ्यात वेळ जातो तो कॉलर परत पट्टीत घालण्यात, कारण दोन्ही टोकं मधल्या खुणेपासून सारखी यावी लागतात. मामा कॉलर मधोमध दुमडून नखानं खूण करतात, पट्टीलाही तशीच, आणि खुणेला खूण लावून मधून बाहेर टाचत जातात. एका बाजूनं सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला कापड उरतंच, असं त्यांचं म्हणणं. साठ रुपये. वडिलांच्या पिढीत हे काम सगळे शिंपी करायचे. आता शहरात ते मनापासून करणारं दुसरं दुकान मला माहीत नाही.

जूनमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या गणवेशांच्या मोहऱ्या सोडायच्या असतात. पोरं उन्हाळ्यात वाढतात आणि पँट घोट्याच्या वर जाते. जुनी दुमड सोडली की तिथं घडीची रेघ राहते. मामा पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळून फडक्यानं रेघेवर लावतात आणि वाफेची इस्त्री दाबतात. घडी जाते. पण वरचं कापड वर्षभर उन्हात विटलेलं आणि आतलं कोरं, हा रंगाचा फरक जात नाही. तो जाणार नाही हे ते आधी सांगतात, काम घेण्याच्या आधी. मला या दुकानाचं सगळ्यात मोठं मोल यात वाटतं. पँटमागे चाळीस रुपये. जूनच्या पहिल्या आठवड्यात देऊ नका, मे संपायच्या आत द्या.

दुसरी गर्दी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी. या यात्रेला नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांबरोबर चालणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या येतात. वडिलांची मुलाला, थोरल्याची धाकट्याला. बाराबंदीला बटणं नसतात, बंद असतात, त्यामुळे ती अंगाला पुढेमागे करून बसते आणि फार काम लागत नाही. खांदे उतरवायचे, बाह्या आखूड करायच्या, तुटलेले बंद नवे लावायचे. हे काम मामा बाकी सगळं बाजूला ठेवून करतात आणि संक्रांतीच्या आत देतात. त्या दिवसांत तुमचा ब्लाउज मागे पडला तर रागावू नका.

रफूचं काम ते घेत नाहीत. तो वेगळा हात आहे म्हणतात आणि रफूगराकडे पाठवतात. पिको-फॉल करतात, पण ते कुठेही चांगलं होतं, त्यासाठी मुद्दाम इथपर्यंत येण्याची गरज नाही. काज मात्र हातानं करून घ्या. मशीनचं काज शिवून मग कापलेलं असलं की कडेचे दोरे सुटतात. मामांचा दोरा काजाच्या कडेला इतका दाट बसतो की बटण घालताना थोडा अडतो आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. काज हा शब्द पोर्तुगीज कासावरून आलाय, म्हणजे घर. अस्तर फारसी, पन्हा फारसी, पिको फ्रेंच. मामांच्या टेबलावर इतक्या देशांचे शब्द पडलेले असतात आणि तिथं त्यांना कुणी परकं समजत नाही.

लुगड्यातून उरलेल्या विरलेल्या कापडाचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी बोळातल्याच एका मावशींकडे पाठवलं. त्या कौदी शिवतात. आपल्याकडे वाकळ किंवा गोधडी म्हणतात तीच, पण सोलापुरात कन्नडवरून आलेला कौदी हा शब्दही घराघरात आहे. कासोट्याचा सगळा भाग त्यांनी मधल्या थरात घातला, जिथं त्याला ताण बसत नाही, आणि वर मजबूत सुती तुकडे. धावदोरा बोटभर अंतरानं, कडेपासून मध्याकडे फिरत जाणारा. त्यांचे पैसे मी इथं लिहीत नाही, कारण कौदीच्या आकारावर आणि टाक्यांच्या दाटपणावर ते बदलतात. घासाघीस करू नका एवढं मात्र म्हणेन. ते काम किती हात दुखवणारं आहे हे मी समोर बसून बघितलंय.

जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा, दुपारी जेवायला बंद असतं, संध्याकाळी सातपर्यंत चालू. मंगळवारी बाजारामुळे गाडी आत न्यायच्या भानगडीत पडू नका, चालत जा. कपडा धुऊन, इस्त्री करून न्या. मळक्या कापडावर टिपा उसवताना कुठला डाग जुना आणि कुठला नवा हे कळत नाही. घरी उसवून नेऊ नका, कारण शिवण बघूनच मामांना आधीचं कापड कसं कापलं होतं ते कळतं. नेमकं काय हवंय ते शब्दांत सांगता येत नसेल तर ज्याचं माप हवंय तो दुसरा कपडा सोबत न्या. तोंडी 'थोडं सैल' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि कपडा कुणाचा होता ते जरूर सांगा. मामा विचारतातच, आणि त्यावरून कात्री कुठं लावायची नाही ते ठरवतात. पैसे काम झाल्यावर, रोख किंवा फोनवरून. लग्नाचं काही असेल तर तारीख त्यांच्या समोर चिंधीवर लिहून घ्या आणि प्रत्यक्ष तारखेच्या आठवडाभर आधीची लिहा.